अर्धशिशीचा पुरावा कुणाला हवा आहे?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३४ वर्षांच्या आहेत. कॉलेजात असल्यापासून त्यांना अर्धशिशीचा त्रास आहे. गेलं दीड वर्ष महिन्यातले दहा-अकरा दिवस त्यातच जातात. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, उलट्या होतात. एमआरआय नॉर्मल आला. कॅफीन असलेली डोकेदुखीची गोळी महिन्यातून बारा-तेरा दिवस घ्यावी लागते. झटके कमी व्हावेत म्हणून दिलेल्या औषधांपैकी अमिट्रिप्टिलिनने सुस्ती आली आणि वजन वाढलं, टोपिरामेटने बोलताना शब्दच आठवेनात, म्हणून दोन्ही सोडली. आता न्यूरॉलॉजिस्टनी सीजीआरपी नावाचं रसायन रोखणारं, महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं आहे. घरात मात्र ‘तू सगळं डोक्यात घेतेस म्हणून डोकं दुखतं’ हेच ऐकावं लागतं. त्यांचे प्रश्न असे: आधी रक्तातलं सीजीआरपी तपासून घेतलं तर मिस्टरांना आणि सासूबाईंना पुरावा दाखवता येईल का? ते नॉर्मल निघालं तर आजार मानसिक समजायचा का? शरीराने स्वतः तयार केलेलं रसायन अडवणं धोक्याचं नाही का? आईचे गुडघे दुखतात, तिलाही हेच इंजेक्शन चालेल का? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे.’

तुमचे प्रश्न वरवर पाहता इंजेक्शनबद्दल आहेत. पण पत्र वाचताना जाणवत राहतं ते वेगळंच. तुम्हाला औषधाच्या आधी साक्षीदार हवा आहे. म्हणून आधी रक्ततपासणीचं बोलू.

ती करून घेऊ नका. सीजीआरपी, म्हणजे कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड, हे ३७ अमिनो आम्लांची साखळी असलेलं न्यूरोपेप्टाइड आहे. चेतापेशी एकमेकींना आणि आसपासच्या पेशींना निरोप देण्यासाठी जी छोटी प्रथिनं सोडतात त्यांपैकी हे एक. चेहरा, डोळे आणि मेंदूवरची आवरणं यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांपाशी ते सुटतं. जवळच्या रक्तवाहिन्या त्याने रुंदावतात, शेजारचे वेदनातंतू जास्त हळवे होतात. रक्तात उतरलंच तर ते काही मिनिटांत नाहीसं होऊ लागतं.

१९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांच्या चमूने झटका चालू असताना रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा त्यात सीजीआरपी वाढलेलं सापडलं. त्याच रुग्णांच्या कोपरापाशी घेतलेल्या रक्तात मात्र वाढ नव्हती. आता लॅबमध्ये आपलं रक्त कुठून काढतात ते आठवा. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या एका गटाने मानेतल्या शिरेतलं रक्त पुन्हा तपासलं, तर त्यांना तिथेही वाढ दिसली नाही. तज्ज्ञांच्या हातात हे मोजमाप इतकं निसटतं असेल, तर घरच्यांसमोर ठेवण्याच्या कागदावर आलेला आकडा कशाचाच साक्षीदार ठरणार नाही. नॉर्मल आला तरी नाही आणि वाढलेला आला तरी नाही.

मग या रसायनावर संशोधकांचा विश्वास बसला कसा? त्यांनी ते ढवळून पाहिलं आणि अडवून पाहिलं. २००२ मध्ये अर्धशिशीच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिलं, तेव्हा काही तासांनी त्यांच्यापैकी काहींना अर्धशिशीसारखीच डोकेदुखी सुरू झाली. सुमाट्रिप्टान हे झटक्यावरचं औषध लागू पडतं तेव्हा वाढलेलं सीजीआरपी खाली येतं, हे त्याच्या आधीच दिसलं होतं. आणि २००४ मध्ये, पेशींवर सीजीआरपी जिथे चिकटतं ती जागा अडवणाऱ्या पहिल्या औषधाने माणसांमध्ये चालू झटका थांबवून दाखवला. एडविन्सन, गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना २०२१ मध्ये मेंदूसंशोधनासाठीचं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं ते याच कामासाठी. हा पुरावा अनेक माणसांच्या सरासरीतून उभा राहिलेला आहे. तुमच्या एकटीच्या नसांमध्ये आज काय चाललं आहे, हे तो सांगू शकत नाही.

तुमचं निदान त्यावर अडलेलंही नाही. अर्धशिशीचं निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. एक बाजू, ठणका, हालचालीने वाढणारं दुखणं, उलटी किंवा मळमळ, उजेड-आवाजाचा त्रास, हे सगळं तुम्ही पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच लिहिलं आहे. एमआरआय करतात तो दुसरं काही नाही ना हे पाहायला. अर्धशिशीत तो बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. नॉर्मल एमआरआय म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही. ‘दुखत नाही’ असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

आता थोडं परखड बोलते. समजा, तपासणीत आकडा वाढलेला निघाला आणि मिस्टरांनी मान्य केलं की हो, आजार खरा आहे. मग इंजेक्शन सुरू केलं आणि ते लागू पडलं नाही, तर? बऱ्याच जणांना पडत नाही, आकडे पुढे देते. तेव्हा ‘बघ, शेवटी मानसिकच होतं’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्हालाही ते खरं वाटू लागेल. आपल्या शब्दाची किंमत एका रेणूकडे गहाण ठेवली की असं होतं. सीजीआरपीचा शोध लागायच्या आधी ज्यांची डोकी ठणकत होती त्यांची दुखणी काही कमी खरी नव्हती.

आणि ‘मानसिक’ या आरोपाला इतकं घाबरायचं तरी का? ताणामुळे झटका येऊ शकतो, तसाच तो झोपमोडीने, उपाशी राहण्याने, पाळीच्या दिवसांनीही येऊ शकतो. ठिणगी कुठूनही पडली तरी पुढे पेटणारी नस तीच असते. सासूबाईंचं निरीक्षण कदाचित चुकीचं नसेल. भांडण झालेल्या दिवशी तुमचं डोकं दुखतं, हे त्यांनी पाहिलं असेल. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. एवढा फरक केलात तर घरात वाद घालायची निम्मी गरज संपेल.

मिस्टरांसाठी मी वेगळा उपाय सुचवेन: त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या. आपण घरी शंभरदा सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी एकदा सांगितली की पटते, हे चिडवणारं असलं तरी उपयोगी आहे. त्याआधी महिनाभर एक साधी डायरी ठेवा. तारीख, दुखणं किती तास टिकलं, दहापैकी किती तीव्र, कोणती गोळी किती वेळा, आणि त्या दिवशी कोणतं काम सोडावं लागलं. शेवटचा रकाना आकड्यांहून जास्त बोलतो. डायरीत पाळीच्या तारखाही टाका.

तुमच्या धोक्याच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एका जुन्या पेप्टाइडची गोष्ट सांगायला हवी, कारण ‘रसायन सापडलं म्हणजे उपाय सापडला’ हे गृहीत तुमच्या पत्रात जागोजागी आहे. १९३१ मध्ये उल्फ फॉन ऑइलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात एक पदार्थ मिळाला, सबस्टन्स पी. त्याची ११ अमिनो आम्लांची रचना १९७१ मध्ये सुसान लीमन यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. तो वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंमध्ये असतो, मज्जारज्जूत वेदनेच्या वेळी सुटतो, आणि तो बनवणारं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना तीव्र वेदना कमी जाणवते. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या पाठीतून काढलेल्या द्रवात तो वाढलेलाही सापडला. याहून भक्कम संशयित कोण असणार? औषध कंपन्यांनी त्याची जागा अडवणारी औषधं बनवली, आणि माणसांवरच्या चाचण्यांमध्ये ती वेदनेवर एकामागून एक पडली. अर्धशिशीवरही पडली. नाटकात सगळ्यात मोठ्याने बोलणारं पात्र नायक असतंच असं नाही. त्या शोधाचं पुढे वेगळंच चीज झालं. त्याच गटातलं अप्रेपिटंट २००३ पासून केमोथेरपीच्या उलट्यांवर वापरलं जातं आणि तिथे ते उत्तम काम करतं. गोड्सबींच्या १९९० च्या त्या प्रयोगात मानेतल्या रक्तात सबस्टन्स पी वाढलेला नव्हता, हेही आता मागे वळून पाहिलं की अर्थपूर्ण वाटतं.

एकाच तंतूच्या टोकातून अनेकदा ही दोन्ही पेप्टाइडं एकत्र सुटतात. एकाला अडवून अर्धशिशीत फायदा होतो, दुसऱ्याला अडवून होत नाही. तुमच्या आईच्या गुडघ्यांचं उत्तर इथेच आहे. गुडघ्याच्या सांध्यातही सीजीआरपी असलेले तंतू आहेत, प्राण्यांमध्ये ते अडवून वेदना कमीही झाली. पण ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांधे झिजण्याच्या, रुग्णांवर गॅल्कानेझुमॅब या सीजीआरपी रोखणाऱ्या इंजेक्शनची चाचणी घेतली तेव्हा फायदा दिसला नाही. आईंना हे इंजेक्शन नको. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर लक्ष, हेच सध्या जास्त कामाचं.

शरीराचं रसायन अडवण्याची तुमची भीती अनाठायी नाही. सीजीआरपी रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या सर्वांत प्रभावी पदार्थांपैकी एक आहे. रक्तपुरवठा कमी पडला की हृदय आणि मेंदू त्याची मदत घेतात, जखम भरण्यात आणि आतड्यांच्या हालचालीतही त्याचा वाटा आहे. म्हणून ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे त्यांच्यात ही औषधं टाळतात. अशा रुग्णांना मूळ चाचण्यांमध्येही घेतलं नव्हतं. स्थिर अंजायना (श्रमाने छातीत दुखणं) असलेल्यांना एरेनुमॅब हे याच गटातलं इंजेक्शन देऊन ट्रेडमिलवर चालवलं तेव्हा त्यांची चालण्याची क्षमता घटली नाही, ही दिलासा देणारी गोष्ट, पण ती एका डोसनंतरची चाचणी होती. प्रत्यक्ष वापरात दिसलेले त्रास जास्त साधे आहेत. टोचल्या जागी दुखणं, आणि विशेषतः एरेनुमॅबने बद्धकोष्ठता, क्वचित गंभीर. काहींचा रक्तदाब वाढतो. थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा त्रास असेल तर तो बळावू शकतो. तुम्हाला यांपैकी काही आधीपासून असेल तर ते पत्रात नाही, डॉक्टरांना जरूर सांगा. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून लिहून ठेवायचा.

आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. तुम्ही सोडलेली दोन औषधं मुळात नैराश्यासाठी आणि अपस्मारासाठी आलेली. ती सगळ्या मेंदूवर पसरून काम करतात, म्हणून सुस्ती येते, शब्द हरवतात. ही इंजेक्शनं म्हणजे मोठ्या आकाराची प्रतिपिंडं आहेत, मेंदूत ती जवळजवळ शिरतच नाहीत, बाहेर ट्रायजेमिनल नसेपाशी काम करतात. एरेनुमॅब आणि टोपिरामेट यांची थेट तुलना झाली तेव्हा दुष्परिणामांमुळे टोपिरामेट सोडणारे शंभरात साधारण ३९ होते, एरेनुमॅब सोडणारे साधारण ११. शब्द न आठवणं हा तुमचा हळवेपणा नव्हता, एवढं तरी यावरून घ्या.

फायदा किती? एरेनुमॅबच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लोकांना सुरुवातीला महिन्याला सरासरी आठेक दिवस अर्धशिशी होती. औषधाने त्यांतले ३ ते ४ दिवस कमी झाले, आणि नुसत्या पाण्यासारख्या निष्क्रिय इंजेक्शनने १.८. ज्यांचे दिवस निम्म्याने किंवा जास्त घटले असे मोठ्या डोसवर ५० टक्के होते, निष्क्रिय इंजेक्शनवर २७ टक्के. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या, दोन औषधं सोडाव्या लागलेल्या व्यक्तीसाठी हा करून पाहण्याजोगा उपाय आहे. अमेरिकन हेडेक सोसायटीने तर २०२४ पासून याला पहिल्या फळीतच बसवलं आहे. पण तो चमत्कार नाही. निदान तीन महिने घ्या, शक्य असल्यास सहा, आणि निकाल डायरीवरून लावा. निम्मे दिवस गेले नाहीत तरी दुखण्याची धार कमी झाली असेल, गोळी लवकर लागू पडत असेल, तर तेही मोजा. एरेनुमॅब सीजीआरपीच्या ग्राहीवर, म्हणजे ते चिकटतं त्या जागेवर, बसतं. फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब आणि एप्टिनेझुमॅब खुद्द पेप्टाइडला धरतात. म्हणून एकाने गुण आला नाही तर दुसरं वापरून पाहण्यात अर्थ आहे.

खरं तर इंजेक्शनापेक्षा मला तुमच्या गोळ्यांची जास्त काळजी वाटते. कॅफीनसारखं काही मिसळलेल्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. सुमाट्रिप्टानसारख्या ट्रिप्टान गटातल्या औषधांचीही मर्यादा हीच, साध्या पॅरासिटामॉलची पंधरा दिवसांची. तुम्ही बारा-तेरावर आहात. दीड वर्षापासून वाढत गेलेल्या त्रासात याचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. एका रात्रीत बंद करू नका, पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं आणि माणूस हार मानतो. हे डॉक्टरांच्या सोबतीने, प्रतिबंधक उपचार सुरू करताना करायचं. गोळ्यांचा अतिवापर चालू असतानाही ही इंजेक्शनं काम करतात, त्यामुळे दोन्ही एकत्र जमतं.

(इतर वाचकांसाठी एवढंच: क्षणार्धात शिगेला पोचणारी डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, हात-पाय किंवा जीभ लुळी पडणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी असेल तर हे सगळं वाचत न बसता ताबडतोब दवाखाना गाठा.)

राहिली तुमची शेवटची ओळ. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण निर्णय तिच्यावरच फिरतो. या प्रतिपिंडांचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण महिना लागतो, म्हणजे पूर्ण जायला पाच-सहा महिने. ती वारेतून बाळापर्यंत पोचू शकतात. वारेच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यात आणि गरोदरपणातला रक्तदाब सांभाळण्यात सीजीआरपीचा हात असतो. म्हणून गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी पाच-सहा महिने इंजेक्शन थांबवतात. बाळाचा विचार पुढच्या वर्षाच्या सुरुवातीचा असेल तर आता सुरू करून लगेच थांबवण्यात फारसा अर्थ नाही. वर्षाच्या शेवटी असेल तर तीन ते सहा महिन्यांची चाचणी आरामात बसते. ‘गेपंट’ गटातल्या गोळ्या याच पेप्टाइडला अडवतात आणि दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर पडतात. त्यामुळे प्रयत्न सुरू होईपर्यंत त्यांचा विचार होऊ शकतो, गरोदरपणात मात्र त्याही नको. टोपिरामेट तुम्ही सोडलंच आहे, ते पुन्हा सुरू करू नका, आणि व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचं औषध कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. दोन्हींमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. एक चांगली बातमीही आहे. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांनंतर, बऱ्याच जणींची अर्धशिशी आपणहून ओसरते. पहिल्या बाळाच्या वेळी तुमचं काय झालं होतं? ते डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. भेटीला जाल तेव्हा डायरीसोबत गोळीचं पाकीट न्या आणि बाळाचा विषय सर्वांत आधी काढा, मिस्टर शेजारच्या खुर्चीत बसलेले असतानाच.